कोटाची कच्ची प्रत

कात्रीबाईंच्या मुलाला लिहिलेला कागद जसाच्या तसा बघवत नसे. किराण्याची यादी असो, दुधवाल्यासाठी दारावर लावायची चिठ्ठी असो, त्याच्या हाताखालून गेली की तिला 'विषय' चिकटायचा, 'संदर्भ' चिकटायचा आणि खाली 'आपला विश्वासू' येऊन बसायचा. 'उद्या दूध नको' या तीन शब्दांना त्याने एकदा इतकी लांबण लावली की दुधवाला तो कागद चार जणांकडून वाचून घेत फिरला आणि भीतीने आठ दिवस गल्लीत फिरकलाच नाही. बाप गेला तेव्हा नातेवाइकांना धाडायच्या निरोपातसुद्धा याने 'उपरोक्त' घातलं होतं. कात्रीबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. बोलायची ती वेळ नव्हती. पण लक्षात ठेवलं. लक्षात ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"पोराला शिकवावं, पण इतकं शिकवू नये," असं त्या तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकांना सांगत. गिऱ्हाईक अर्ध्या उसवलेल्या पँटमध्ये उभं असल्यामुळे होकार देई.

मुलाचं पोट लिहिण्यावरच होतं, हे खरं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचा. नळाला आठ दिवस पाणी नाही अशी तक्रार आली की त्याचं उत्तर असं जायचं की वाचता वाचता माणसाची तहानच मरावी. कचेरीत त्याला मसुदेमास्तर म्हणत.

"साहेब माझ्या मसुद्यातला काना हलवत नाहीत, आई," तो जेवताना सांगायचा.

"हलवतील कशाला? हात लावला की वाचावं लागेल ना."

बाईंचं स्वतःचं शिक्षण तिसरीपर्यंत. चौथीचं पुस्तक घरात आलं होतं, पण ते धाकट्या भावाच्या दप्तरात गेलं आणि यांच्या हातात सुई आली. वाचता येत होतं, पण अक्षर अक्षर जुळवत, ओठ हलवत, कोणी बघत नसताना. कोणाकडून काही वाचून घ्यायचं म्हणजे त्यांना भर रस्त्यात ठेच लागल्यासारखं वाटे. म्हणून त्या विचारतच नसत. विजेचं बिल आलं तरी दोन मिनिटं रोखून बघत आणि "वाढवलंय मेल्यांनी" म्हणून ठेवून देत. अंदाज सहसा चुकत नसे.

घर वर आणि दुकान खाली, मध्ये अकरा पायऱ्यांचा जिना. पाटीवर लिहिलेलं 'कपडे लहान-मोठे करून मिळतील'. कात्रीबाई हे नाव गल्लीने दिलेलं. ते हातातल्या कात्रीवरून दिलं की तोंडातल्या, यावर गल्लीत दोन तट होते. धंद्यात मात्र बोट ठेवायला जागा नव्हती. कोणाच्या कपड्याला कात्री लावली की कापलेला तुकडा, मग तो बोटभर का असेना, पुडीत बांधून कपड्याबरोबर परत जायचा. गिऱ्हाईक म्हणे, "हे काय करू घेऊन?" बाई म्हणत, "ते तुम्ही बघा. कापड तुमचं आहे. आम्ही नुसती कात्री लावली."

घरातली रद्दी कधी विकली जात नसे. सगळी खाली यायची. कॉलर, खिसा, बाहीची पट्टी काही नवं बसवायचं असलं की बाई आधी कागदावर कापून बघत आणि ते कागदाचे तुकडे आकड्याला टांगून ठेवत.

आणि शेवटच्या खुंटीवर एक कोट होता. राखाडी, लोकरीचा, म्हाताऱ्याचा. म्हातारा म्हणजे बाईंचा नवरा. आजारपणात तो जसजसा वाळत गेला तसतसा बाईंनी कोट आत घेत नेला. कपडे ढगळ झाले की माणसाला आपण संपत चाललोय असं वाटतं, हे त्यांना धंद्यामुळे माहीत होतं. तीनदा आत घेतला. मग म्हातारा गेला. कोट खुंटीवर राहिला. कोणी विचारलं, "हा कोणाचा?" तर बाई दोरा दाताने तोडत सांगत, "गिऱ्हाईक यायचंय." याला दीड वर्ष झालं होतं.

या दुकानात, कापायच्या टेबलाखाली, बाईंची नात बसायची. वय वर्षं दहा. अक्षर इतकं बारीक की घरात सगळे तिला मुंगी म्हणत. शाळेतून आली की चिंध्यांच्या पोत्याला टेकून काहीतरी लिहीत असायची. मध्येच टेबलाखालून आवाज यायचा. "आजी, बटण हरवलं तर काजाला काय वाटत असेल?"

"सुटलो म्हणत असेल. कामाला लाग."

बाई असं तोडून बोलत, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर काजाला काय वाटत असेल याचा विचार करत. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

तर अशा घरात शाळेची चिठ्ठी आली. कथास्पर्धा. विषय : घरातली एक वस्तू. निवडलेली कथा शाळेच्या अंकात छापणार आणि पुढे मोठ्या स्पर्धेला धाडणार. मुंगीने चित्रकलेच्या वहीतले चार मोठे कागद फाडले, टेबलाखाली गेली आणि तीन दिवस तिथून काजा-बटणांची चौकशी आली नाही. चौथ्या दिवशी कागद घेऊन जिना चढली. उड्या मारत चढली, हे बाईंना नीट आठवत होतं, कारण पायऱ्यांचा मूठभर चुरा खाली एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर पडला होता.

वर मसुदेमास्तरांनी कागद वाचले. एकदा वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले, आणि म्हणाले, "छान आहे. थोडं बघू या."

हे 'थोडं बघू या' बाईंनी खालून ऐकलं आणि त्यांच्या हातातली सुई थांबली. असंच थोडं बघू या म्हणत त्याने लहानपणी घड्याळ उघडलं होतं. त्याचे काटे अजून एका डबीत आहेत.

जेवताना त्यांनी विचारलं, "काय लिहिलंय पोरीने?"

"आहे काहीतरी कोटाबिटावर. रडकं आहे जरा. मी करतो सरळ."

"रडकं का?"

"लहान आहे, आई. गोष्टीत सुरुवात, मध्य, शेवट लागतो. बोध लागतो. शिवाय कोटाला काय कळतं? कोट विचार कसा करेल?"

"तुमच्या कचेरीत खुर्च्या करतात ना?" बाई म्हणाल्या, पण पुढे विचारलं नाही. पुढे विचारायचं म्हणजे 'वाचून दाखव' म्हणावं लागलं असतं. ते त्या म्हणणार नव्हत्या. दुकानात दहा कोट असतात, त्यांतला कुठला तरी असेल.

मुंगीने फक्त एवढंच विचारलं, "माझे कागद?"

"अगं, आता पक्की प्रत होणार. ते कशाला हवेत?"

"चालेल," मुंगी म्हणाली. तिचं हे पहिलं 'चालेल'.

आता कोणत्याही घरात एकाने स्वयंपाक बिघडवायला घेतला की बाकीचे मीठ घालायला धावतातच. घराच्याही वरच्या मजल्यावर एक हेडमास्तर राहायचे, निवृत्त. निवृत्त झाल्यापासून त्यांना चुका दाखवायला कोणी मिळत नव्हतं, त्यामुळे प्रकृती खालावली होती. कथा हातात पडताच त्यांच्या गालावर रंग आला.

"कोट आहे, ठीक आहे," ते म्हणाले. "पण कोट आळशी असून कसं चालेल? खुंटीवर नुसता लटकतोय. मुलांपुढे काय आदर्श राहिला? त्याला उद्योगी करा. आणि दोन म्हणी घाला. म्हणीशिवाय गुण कोण देतं?"

खालच्या अंगाला दुकानाला लागून दातांचे डॉक्टर होते. ते नव्या ॲप्रनचं माप द्यायला आले होते. त्यांनी टेपमध्ये गुंडाळलेल्या अवस्थेत सल्ला दिला. "हल्ली परीक्षकांना आरोग्य लागतं. कोटाच्या खिशात एक ब्रश सापडतो, असं करा. बरोबर दोनदा घासल्याचा उल्लेख येऊ द्या. माझं नाव नको."

सूनबाई इस्पितळात चौकशीच्या खिडकीवर बसायच्या. दिवसभर लोक त्यांना 'आमचा माणूस कुठे आहे' असं विचारायचे, त्यामुळे घरी आल्यावर त्या फारसं बोलत नसत. त्यांनी कथा संगणकावर उतरवली आणि उतरवून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "यात आपली पोरगी कुठे आहे?"

"शेवटी. नाव टाकलंय ना," मसुदेमास्तर म्हणाले.

अशी कथा तयार झाली. तिच्यात एक उद्योगी कोट होता. त्याचा मालक कामानिमित्त परगावी जाऊन मोठा अधिकारी झाला होता. तो परत येऊन 'कोट नेण्यास झालेल्या विलंबाबद्दल' दिलगिरी व्यक्त करतो, खिशात ब्रश सापडून त्याचे डोळे पाणावतात, आणि तो कोट एका गरजूला 'यथोचित' देऊन टाकतो. वक्तशीरपणावर एक उतारा होता, स्वच्छतेवर एक होता, आणि म्हणी दोन सांगितल्या होत्या तिथे पाच होत्या. हेडमास्तरांना मग थांबवलं नाही कोणी.

एवढ्यावर भागलं असतं. पण शाळेला हमीपत्र हवं होतं. 'ही कथा पाल्याने कोणाच्याही मदतीशिवाय लिहिली आहे', त्याखाली पालकाची सही आणि ओळखीच्या दोघांच्या साक्षी. तीन प्रती. मसुदेमास्तरांना शाळेचा तो नमुना पसंत पडेना. 'कोणाच्याही मदतीशिवाय' फारच घरगुती वाटत होतं. त्यांनी तो मसुदा सुधारून 'कोणाचेही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष साहाय्य न घेता' असं केलं, स्वतः सही ठोकली आणि साक्षीला हेडमास्तरांना आणि दातांच्या डॉक्टरांना बोलावलं. हेडमास्तरांनी तारीख घालून सही केली. डॉक्टरांनी शिक्कासुद्धा मारला. कात्रीबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. एका डिशला तीन मांजरं, आणि तिघंही लिहून देतात की दूध कोणी प्यायलं नाही, असं त्यांच्या मनात आलं. पण वर शिक्का होता. शिक्क्यापुढे तिसरी शिकलेलं माणूस काय बोलणार?

आणि मुंगी? मुंगीला टंकलेली प्रत पाठ करायला दिली होती. ती टेबलाखाली बसायची, पण पेन्सिल पोत्यात खोचलेली. बाई आपणहून म्हणाल्या, "काय गं, आज काही विचारायचं नाही? त्या काजाचं काय झालं?"

"काही नाही, आजी. काजाला काही वाटत नसतं."

बाईंना ते फार लागलं. हे वाक्य आपल्याकडून पोरीने ऐकलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वाद घालायला तोंड उघडलं, पण काजाच्या बाजूने काय बोलावं ते त्यांना सुचेना. तोडायला शब्द होते. जोडायला सापडले नाहीत.

त्याच आठवड्यात वरची रद्दी खाली आली. मसुदेमास्तरांनी स्वतः आणून टाकली, वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि त्यात बरेच जाड कागद. बाई खूश झाल्या. जाड कागद कुठे मिळतो हल्ली? एक बाजू लिहिलेली होती, एक कोरी. कोरी बाजू वर घेतली, खडूने आखलं आणि डॉक्टरांच्या ॲप्रनची कॉलर, खिसा आणि बाहीची पट्टी कापली. मुंगी तेव्हा शाळेत होती. कपटे झाडून केराच्या डब्यात गेले. कागदाचं ते काय परत द्यायचं?

शाळेत वर्गापुढे कथा वाचायचा दिवस आला. मुंगीने न अडखळता सगळी म्हटली. शाळेच्या बाई म्हणाल्या, "छान. 'यथोचित' म्हणजे काय गं?"

मुंगी म्हणाली, "ते बाबांना माहीत आहे."

वर्ग हसला. शाळेच्या बाईंनी विचारलं, "आणि ब्रशवरचा उतारा कसा सुचला?" मुंगी खरं बोलणारी. "तो डॉक्टरांचा आहे. म्हणी वरच्या आजोबांच्या." मग वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले शिक्षक डोकावून गेले. मुंगी हसू थांबेपर्यंत उभी राहिली आणि खाली बसली. हे सगळं तिने घरी येऊन एका दमात, दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं सांगितलं. दप्तरात चिठ्ठी होती : कथा पाल्याची वाटत नाही, सबब विचार करता येत नाही.

मुलीचं काय झालं हे मसुदेमास्तरांच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण त्याआधी 'सबब' त्यांच्या लक्षात आलं. आयुष्यभर त्यांनी लोकांना 'सबब' लिहिलं होतं. त्यांना कोणी लिहिलं नव्हतं. ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी शाळेला अपील केलं. साडेतीन पानं, सोबत हमीपत्राची प्रत. शाळेचं उत्तर एका ओळीचं आलं : शुक्रवारपर्यंत कथेची पाल्याच्या हस्ताक्षरातली कच्ची प्रत सादर करावी.

हेडमास्तर म्हणाले, मी म्हणीपुरताच होतो. डॉक्टर म्हणाले, माझा शिक्का दवाखान्याचा आहे, साहित्याचा नाही. दोघांनी सह्या परत मिळतील का याची चौकशी केली.

बुधवारी आणि गुरुवारी घर उलटंपालटं झालं. गादीखाली बघितलं, कपाटामागे बघितलं. हरवलेलं रेशनकार्ड सापडलं, मुलाच्या घड्याळाच्या काट्यांची डबी सापडली. कच्ची प्रत सापडेना. खाली दुकानात कोणी विचारलं नाही. तिसरी शिकलेल्या बाईला कागदपत्रांतलं काय विचारायचं? बाईंनाही कोणी सांगेपर्यंत विचारायचं नव्हतं. दोन्हीकडे स्वाभिमान होता आणि मध्ये अकरा पायऱ्या.

गुरुवारी संध्याकाळी मसुदेमास्तर मुंगीला घेऊन खाली आले. वरच्या टेबलावर कपाटातलं सगळं सामान पडलं होतं. त्यांनी कापायच्या टेबलावर एक जुनी वही मांडली, मुंगीला स्टुलावर बसवलं, आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून बसले. दुकानात ते नेहमी तसेच बसत.

"आपण कच्ची प्रत तयार करू," ते म्हणाले. "लिही. एका गावात एक उद्योगी कोट होता. हं, इथे एक चूक कर."

"कुठली?"

"कुठलीही. साधी. ही नको, ही फार मोठी झाली. आता एक शब्द लिहून खोड. असा नाही. लहान मुलासारखा खोड."

"मी लहानच आहे, बाबा."

"हो, पण कागदावर तशी दिसत नाहीस ना."

मुंगी लिहीत होती. चूक कर म्हटलं की चूक करत होती, खोड म्हटलं की खोडत होती. मसुदेमास्तरांनी चहाच्या कपाचं बूड कागदाच्या कोपऱ्यावर टेकवून डाग पाडला, लांब धरून बघितला, आणि समाधान न झाल्याने दुसरा पाडला. बाई मशीनवर डॉक्टरांच्या ॲप्रनचा खिसा बसवत होत्या. त्यांनी आयुष्यात फाटके कपडे नवे करून दिले होते. नवा कपडा फाटका करून देताना पहिल्यांदाच बघत होत्या.

"खरी प्रत कशावर लिहिली होती गं?" त्यांनी मशीन न थांबवता विचारलं.

"चित्राच्या जाड कागदावर," मुंगी म्हणाली.

मशीन थांबलं.

बाई उठल्या. आकड्याला टांगलेले तुकडे त्यांनी काढले. कॉलर उलटी केली. मग खिसा. मग पट्टी. मागच्या बाजूला मुंग्यांच्या रांगाच्या रांगा होत्या. कापलेल्या कडेला येऊन त्या थांबत होत्या.

त्यांनी तुकडे टेबलावर त्या वहीवरच मांडले. सूनबाई कामावरून येऊन जिन्यापाशी उभ्या होत्या. तिघं बघत होती. बाईंनी चष्मा लावला, कॉलर हातात घेतली आणि वाचू लागल्या. मोठ्याने. अक्षर अक्षर जुळवत, ओठ हलवत, चुकत. चाळीस वर्षांत या घरात कोणी त्यांना असं वाचताना बघितलं नव्हतं.

"दु-का-नात शेव-टच्या खुंटीवर एक कोट आहे. आजी सांगते, गिऱ्हाईक या-यचंय. गिऱ्हाईक येणार नाही, हे कोटाला मा-हीत आहे. पण तो आजीला सांगत नाही."

त्या थांबल्या. चष्मा पुसला नाही. खिसा घेतला.

"आजोबा लहान होत गेले म्हणून कोट पण लहान झाला. तीनदा. चौथ्यांदा आजीने टा-चण्या लावल्या आणि शिवायचं राहिलं. टाचण्या अजून आत आहेत. हललं की टोचतात. म्हणून कोट हलत नाही."

चौथ्यांदा टाचण्या लावल्याचं बाईंनी कोणाला सांगितलं नव्हतं. माप न घेता, अंदाजाने लावल्या होत्या, त्या शेवटच्या आठवड्यात. टेबलाखालून दोन डोळे बघत होते, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. घरात कोणी काही लपवलं की ते नेमकं टेबलाखालच्यालाच दिसतं.

पट्टीवर एकच ओळ होती. "बाबा दुकानात आले की कोटाकडे पाठ करून बसतात. मला वाटतं बाबांना..."

पुढे कात्री फिरली होती.

मसुदेमास्तर रस्त्याकडे तोंड करून बसले होते. ते वळले नाहीत. खुंटी त्यांच्या बरोबर मागे होती.

"मुंगे," बाई म्हणाल्या, "पुढे काय होतं?"

मुंगीने पट्टीची कड बोटाने चाचपली. "आठवत नाही, आजी."

"आठव की. तुझंच आहे."

"नाही आठवत. हीच द्या," तिने डाग पाडलेली वही पुढे सरकवली. "चालेल."

सूनबाई जिन्यावरच खाली बसल्या. बाईंना वाटलं, केराचा डबा उपसावा. पण केर सोमवारीच गेला होता. गिऱ्हाइकाची बोटभर चिंधी परत देणाऱ्या बाईंनी नातीचं अर्धं वाक्य केरात घातलं होतं, आणि ते कुठल्या ढिगाऱ्यात आहे हे आता पाणीपुरवठ्याची कचेरीसुद्धा सांगू शकली नसती.

तेवढ्यात मसुदेमास्तर हलले. घसा खाकरला. खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि हात पट्टीकडे नेला.

"मला आठवतंय," ते खाली बघत म्हणाले. "दोनदा वाचलं होतं मी. शेवट माझ्याच... तो भाग आहे माझ्या लक्षात. मी लिहून देतो. थोडं नीट करून."

बाईंनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. टोपण लावलं. ते त्यांनी मशीनच्या खणात, बोथट सुयांच्या डबीत टाकलं. मग कॉलर, खिसा आणि पट्टी एकावर एक रचून पुडीत बांधली, दोऱ्याचे दोन वेढे दिले आणि मुंगीच्या हातात ठेवली. मुंगीने ती घेतली, पण उघडून बघितली नाही.

"आई, उद्या शुक्रवार आहे," मसुदेमास्तर म्हणाले. "शाळेला काय देऊ?"

"काही देऊ नकोस. तुला लिहून द्यायची सवय लागली तिथेच सगळं बिघडलं."

"तूपण कापलंसच ना, आई," ते म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या वाक्याला विषय नव्हता, संदर्भ नव्हता.

बाईंनी शेवटच्या खुंटीकडे बघितलं, मग मुलाच्या पाठीकडे.

"कापलं," त्या म्हणाल्या. "माझी कात्री तिच्या कागदावर फिरली, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मी न वाचता कापलं, बाळा. तू वाचून कापलंस."